पांढऱ्या थराचं बारसं

लातूरला आमच्या क्लासमध्ये सबिहा शेख केमिस्ट्री शिकवायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं फळ्यावर दगडानं लिहिलं. खडूचा डबा रिकामा होता, शिपाई आणायला गेलेला, आणि समोर सीईटीची दोन-अडीचशे पोरं बाकांवर कोंबून बसवलेली. तिनं पर्समधून एक पांढरा खडा काढला आणि कॅल्शियम कार्बोनेटचं समीकरण लिहून मोकळी झाली. "ज्याच्याबद्दल लिहायचं, त्यानंच लिहिलं," ती म्हणाली. पोरं खूश झाली.

मी बॉटनीची मॅडम. पुढचा तास माझा होता म्हणून दारातच उभी होते. फळ्यावरची ती पिठूळ, मधेच ओरखडलेली रेघ मी लगेच ओळखली.

"हा चोरदऱ्याचा आहे ना?" तास संपल्यावर मी विचारलं.

ती थबकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझं माहेर आहे ते. लहानपणी पाटीवर आम्ही यानंच लिहायचो."

"महादेवी मॅडम," तिनं माझा हातच धरला, "मग रविवारी तुम्ही माझ्यासोबत येताय."

विचारलं नाही, सांगितलं. सबिहाचं बोलणं असंच. तिला कुठलीही गोष्ट होईल का, असा प्रश्न पडायचा नाही. कधी करायची एवढाच पडायचा.

तिचे वडील निजामोद्दीनभाई निलंग्याचे रंगारी. घरांना चुना मारणं, दुकानाच्या पाट्या लिहिणं हा त्यांचा पिढीजात धंदा. भूकंप झाला त्या वर्षी सबिहा आठवीत होती. घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. पुढचे काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. तेव्हा आमच्या भागात कुठून कुठून शास्त्रज्ञ यायचे, यंत्रं लावायचे, जमिनीला खोल भोक पाडून आतला दगड उसासारखा कांड्या-कांड्यांनी बाहेर काढायचे. निजामोद्दीनभाई पुनर्वसनाच्या घरांना रंग द्यायला जायचे, पोरगी सोबत असायची. एका पेटीत तिनं काळ्या कांड्यांच्या मधोमध एक पांढरी कांडी पाहिली. तिथल्या साहेबाला तिनं विचारलं, "काळ्याच्या पोटात पांढरं कुठून आलं?" साहेब घाईत होता. "मोठी झाल्यावर शिक आणि आम्हालाच सांग," म्हणाला. दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. सबिहानं तो निरोप समजून ठेवून घेतला.

बारावीला मार्क चांगले होते. सगळ्या लातूरनं तिला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. तिनं भूगर्भशास्त्र घेतलं आणि नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. केलं.

"बेटा, दगड शिकून लोक तुला काय म्हणणार?" वडलांनी विचारलं होतं.

"दगडवाली म्हणतील, अब्बा. तुम्हाला चुनेवाले म्हणतातच की."

यावर ते हसले, आणि तो विषय तिथंच संपला. आता लातुरात ती केमिस्ट्री शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी हातोडा घेऊन हिंडायची.

माझं सांगायचं तर भूकंपानंतर मी जुन्या चोरदऱ्याला गेलेच नव्हते. मी लातूरला होस्टेलवर होते म्हणून वाचले. माझी आई आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले. वाचलेल्या गावाला सरकारनं काळ्या रानात, बऱ्याच अंतरावर नवी घरं दिली. आमच्या लोकांनी त्याला बसवनगर नाव दिलं आणि चोरदरा हे नाव तोंडातून काढून टाकलं. तसंही ते नाव कुणाला आवडायचं नाही. लग्नात आमच्या गावचे वऱ्हाडी आले की पलीकडचे म्हणायचे, "चपला संभाळा, चोरदऱ्याचे आले!" मला तर कॉलेजात गाव सांगायची लाज वाटायची.

रविवारी एसटीनं निलंगा, तिथून काळीपिवळी जीप, आणि पुढं पायी. पडलेल्या गावातून जावं लागू नये म्हणून मी सबिहाला शेतातल्या वाटेनं नेलं. तिच्या ते लक्षात आलं. बसवंतकाकांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या शेतात नव्या विहिरीचं काम चालू होतं. काका काठावर कपाळाला हात लावून बसले होते.

"काय झालं काका?"

"काय व्हायलंय? वरी काळा दगड लागला, सुरुंग लावले, फोडला. मग हे पांढरं लागलं. दोन परस झालं, सरंना. आन् रोज ढासळून राहिलंय." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, आमच्याकडं विहीर त्यातच मोजतात. "आता खाली पुन्हा काळा लागला तवा जरा थारा आला. सोमवारी गवंडी येणार. तळापस्नं वरपर्यंत बांधून टाकतो."

सबिहानं हे ऐकलं आणि क्रेनच्या डालग्याकडं चालू लागली.

"ओ मॅडम! बायामाणसं उतरत न्हाईत तिथं!"

"काका, वर काळा, मधी पांढरा, खाली काळा असंच म्हणालात ना?"

"हाव."

"मग मला उतरायलाच पाहिजे."

ती ओढणी कमरेला घट्ट बांधून डालग्यात बसली. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. क्रेन कुरकुरली आणि सबिहा खाली गेली. खालून हातोड्याचा ठक ठक आवाज येत राहिला. वर आली तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी झाली होती, आणि हातात एक ढेकूळ होतं. ढेकळाचा खालचा भाग खडूसारखा, वरचा विटेसारखा लाल.

"भाजलाय," ती म्हणाली. "मॅडम, हा भाजलाय!"

तिथंच बांधावर बसून तिनं आम्हाला सांगितलं. आपला मराठवाडा लाव्ह्याच्या थरांनी बनलेला. एक लोंढा यायचा, थिजायचा. मग कधी कधी पुढचा लोंढा यायला फार मोठा काळ जायचा. त्या काळात पाऊस पडायचा, खोलगट जागी तळी साचायची, तळ्याच्या बुडाशी चुन्याचा मऊ गाळ बसायचा. मग पुन्हा लाव्हा. तो त्या गाळावरनं वाहिला तर गाळाचा वरचा पापुद्रा भाजून लाल होणार. तेव्हा हा पांढरा थर वरच्या काळ्या दगडाच्या आधीचा. क्रिटेशियस काळाच्या अखेरचा, डायनासोर या जमिनीवर हिंडत होते तेव्हाचा.

काकांनी ढेकूळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. "म्हणजे हितं तळं होतं?"

"होतं."

"मग पाणी कुठं गेलं?" काका म्हणाले, आणि सबिहा इतकी हसली की केसातली भुकटी उडाली.

पण एवढ्यावर कोण मानणार? तिचे गुरू, विष्णुपुरीचे किशनराव सर, यांनी ढेकळाचं वर्णन फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "सबिहा, आपल्याकडं चुनखड पावलोपावली आहे. पावसाचं पाणी चुना घेऊन भेगांत उतरतं आणि तिथं साठतं. परवाची गोष्ट असते ती. मीही तरुणपणी फसलोय."

"सर, सोमवारी विहीर बांधतायत. तुम्ही त्याआधी या."

"आज रविवार आहे."

"म्हणून तर आत्ता फोन केला."

काकांनी गवंड्यांना दोन दिवस थांबवलं. कुरकुर केली, पण थांबवलं. दरम्यान सोमवारी क्लास सुटल्यावर सबिहानं थोडी पांढरी भुकटी पाण्यात कालवली, बारीक चाळणीतून धुतली, आणि चाळणीवर राहिलेले कण माझ्या बॉटनीच्या मायक्रोस्कोपखाली ठेवले.

"बघा बरं. मला हे गोल गोल काय आहे ते कळंना."

मी डोळा लावला. मोहरीहून कितीतरी बारीक गोळे होते, आणि प्रत्येकावर मळसूत्रासारखी पिळाची नक्षी. मी दर वर्षी अकरावीला ज्याची आकृती काढून देते, तेच माझ्यासमोर दगड होऊन पडलं होतं.

"सबिहा, ही कारा आहे गं! गोड्या पाण्यातलं शेवाळ. हे तिचं फळ. साचलेल्या, नितळ पाण्यातच वाढते ही."

"भेगेत वाढते का?"

"भेगेत कशी वाढेल? तिला तळं लागतं."

तिनं मला कडकडून मिठी मारली. इतकी वर्षं मी कारा पोरांना एका मार्काच्या प्रश्नासाठी शिकवत होते. त्या दिवशी तिचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

किशनराव सर बुधवारी सकाळी आले. निवृत्तीला आलेला माणूस, गुडघे दुखणारा, पण डालग्यात बसून स्वतः खाली उतरले. सबिहाही सोबत गेली. खाली बराच वेळ दोघांचं काहीतरी चालू होतं. वर आल्यावर सरांनी चष्मा पुसला, मग परत पुसला.

"भेगा मी शोधल्या," ते म्हणाले. "वरच्या दगडातनं एकही पांढरी शीर खाली येत नाही. लाल पट्टा सगळ्या बाजूंनी सलग आहे. आणि गोगलगायी पण आहेत, शाबूत. सबिहा, हा तळ्याचाच थर आहे. आता नीट वर्णन लिही आणि नाव दे."

मला वाटलं, अवघड ते झालं, नाव देणं तर सोपं. तसं नव्हतं.

खडकाचा असा सलग, नकाशावर वेगळा दाखवता येणारा थर सापडला की त्याला शैलसमूह म्हणतात, आणि त्याचं नाव ठेवायला नियम असतात. माणसाचं नाव चालत नाही, जागेचंच पाहिजे. तीच जागा जिथं तो थर खालपासून वरपर्यंत उघडा दिसतो. कुणीही, कधीही येऊन तो पाहू शकला पाहिजे. विहीर त्या आठवड्यात बांधून झाली आणि थर सिमेंटच्या आड गेला. सबिहाला त्याचं दुःख नव्हतं. विहिरीत काय शोधायचं ते तिला कळलं होतं. आता तेच उघड्यावर शोधायचं. दोन-तीन रविवारांत तिनं ते शोधलंही. जुन्या गावाच्या मागं ओढ्यानं एक टेकाड कापलं आहे, तिथं. लाल पट्टा वरून घसरलेल्या दगडमातीखाली झाकला होता, पण एका जागी वीतभर डोकावत होता.

सरकारी नकाशावर त्या जागी एकच नाव छापलेलं होतं. चोरदरा.

तिनं लिहिलेल्या मसुद्यावर 'चोरदरा शैलसमूह' असं मी वाचलं आणि म्हणाले, "सबिहा, गावाला विचारल्याबिगर हे नाव टाकू नकोस."

"विचारू की," ती म्हणाली. "माझी काय हरकत?"

बसवनगरच्या समाजमंदिरात लोक जमले. सरपंच विरूपाक्ष शाळेत माझ्याच वर्गातला. सबिहा उभी राहिली आणि थर काय, तळं काय, सगळं सांगितलं. लोकांनी कौतुकानं ऐकलं. मग तिनं नाव सांगितलं आणि एकच गलका झाला.

"चोर कशाला आता? ते नाव आमी गाडून आलाव!"

"जगभर छापायचं म्हणता आन् चोरदरा?"

विरूपाक्ष उठला. "मॅडम, बसवनगर टाका की. चांगलं नाव आहे, सगळ्यांना चालतं."

"सगळ्यांना चालतं, पण दगडाला चालत नाही," सबिहा म्हणाली. "बसवनगरात तो थर नाही. उद्या कुणी दुरून बघायला आला तर त्याला काळं रान दाखवणार का? शिवाय बसवनगर नावाची गावं किती आहेत सांगा."

भुजंगआप्पा म्हणाले, "मंग आमच्या आज्याचं टाका. ती सगळी जमीन त्यांचीच होती."

"आप्पा, माणसाचं नाव चालत नाही. माझंही चालत नाही."

"मंग टाकूच नका काही!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्या जागंचं नावच कामून घ्यायचं? लेकरं दबून मेली तिथं."

सबिहानं त्या माणसाकडं पाहिलं, आवाज खाली आणला, पण मागं सरली नाही.

"काका, मी निलंग्याची. आमचीही भिंत पडली, पण तुमचं गेलं तेवढं आमचं नाही गेलं. तुम्ही म्हणाल तर चोरदरा नाव मी काढते. पण नाव तिथलंच लागेल. ती जागा वाईट नाही हो. भूकंपाच्या कितीतरी आधीपासून ती तिथं आहे. तिथलं दुसरं एखादं नाव असेल, ओढ्याचं, टेकाडाचं, तर सांगा. मी तेच लावते."

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. ओढ्याला ओढा म्हणायचे, टेकाडाला टेकाड. मग बायकांच्या बाजूनं माझी आजी नागम्मा बोलली. आम्ही तिला अव्वा म्हणतो. ती भालकीकडची, साठ वर्षं इकडं काढली तरी बोलण्यात कानडी मिसळलेलीच.

"सुण्णगुड्डा की गं ते," अव्वा म्हणाली.

"काय अव्वा?" सबिहा वाकली.

"सुण्णा म्हंजे चुना. गुड्डा म्हंजे टेकडी. मी लगीन होऊन आले तवा माझ्या सासूनं सांगितलेलं. दिवाळीच्या आदी आमी साऱ्या बायका टोपल्या घेऊन जायचो, भितीला लावायला पांढरं आणायचो. गाणी म्हणत जायचो. ह्या बाप्यांना काय ठावं, हे कवा आले तिकडं?"

बायकांत हसू फुटलं. साखराबाई म्हणाली, "हाव की, सुण्णगुड्डा! माझी जाऊ बी तसंच म्हणायची." आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या.

मघाशी ओरडलेला माणूस अव्वाला म्हणाला, "आये, तुजा बी नातू गेला की तिथं."

"गेला," अव्वा म्हणाली. "घरं पडली, माणसं गेली. गुड्ड्यानं काय केलं? त्यो तर उभा हाय तिथंच. त्याचं नाव घ्यावं माणसानं."

त्यानं मान खाली घातली आणि हळूच हलवली. विरूपाक्षनं सगळ्यांकडं पाहून विचारलं, "मग ठरलं का?" ठरलं.

किशनराव सरांना मात्र ते पटेना. "नाव सुरेख आहे," ते म्हणाले, "पण नाव नकाशावर सापडावं लागतं, आणि छापील नकाशावर ते नाही."

"सर, लेखात नकाशा आपणच काढून देतोय. त्यावर घालू. तिथं राहणारी माणसं त्या टेकडीला त्या नावानं ओळखतात, हे लिहू. नकाशा करणाऱ्यानं पूर्वी विचारलं नाही, एवढंच झालं."

सरांनी थोडा विचार केला. "लिही. कुणी विचारलं तर मी तुझ्या बाजूनं आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली बरीच माणसं टिकाव-खोरी घेऊन सुण्णगुड्ड्याला आली आणि ओढ्याकाठची घसरलेली दगडमाती काढली. तिथं जायचं म्हणजे पडक्या गावातूनच जावं लागतं. मीही गेले. आमच्या घराच्या जोत्याशी थांबले, नमस्कार केला, थोडी रडले, आणि पुढं गेले. तोवर कड उघडी झाली होती. खाली काळा, मग उंच पांढरी भिंत, तिच्यावर लाल पट्टा, त्यावर पुन्हा काळा. उन्हात ती इतकी लख्ख दिसत होती की डोळ्यांवर हात धरावा लागला. बसवंतकाका म्हणाले, "आपल्या डोळ्यासमोर होतं की रं हे." सबिहानं पांढऱ्या भिंतीला टेप लावला आणि मोजायला सुरुवात केली.

लेख छापायला दीड वर्ष लागलं. परीक्षकांनी दोनदा परत पाठवला. एकदा विचारलं, हा खडू आहे असं कसं म्हणता, खडू तर समुद्रात होतो. तिनं उत्तर लिहिलं की मी खडू म्हटलेलंच नाही, खडूसारखा म्हटलंय. हा तळ्याचा आहे, आणि त्यातली फळं, शिंपले, गोगलगायी ही पाहा. दुसऱ्यांदा काराच्या जातींबद्दल विचारलं, तर तिनं माझं नाव लेखात सहलेखिका म्हणून घातलं आणि मलाच उत्तर द्यायला बसवलं. मी घाबरले होते. ती म्हणाली, "तुम्ही ओळखलीत ना? मग तुम्हीच सांगायचं." मी सांगितलं. त्यांनी मानलं.

नांदेडला परिषद झाली तेव्हा तिनं लेख वाचला. निजामोद्दीनभाई इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर नाव आलं तसं बाहेरच्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी हात वर केला. नाव उच्चारायला जरा कठीण आहे, थोडं सोपं करता येईल का, म्हणाले.

"नाही," सबिहा म्हणाली. "पण शिकवता येईल. सुण्ण. गुड्डा. म्हणा."

आणि तिनं क्लासमध्ये पोरांकडून घोकून घ्यायची तसं अख्ख्या सभागृहाकडून दोनदा म्हणवून घेतलं. पाहुणेही हसत हसत म्हणाले, दुसऱ्या वेळी अगदी बरोबर. निजामोद्दीनभाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आता ती क्लासला तीनच दिवस येते. बाकीचे दिवस नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, आणि तिच्या हाताखाली मुली आहेत, ज्यांना घरच्यांनी दगड शिकायला राजीखुशीनं पाठवलं. थर पूर्वेला कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जातो, हे तिनं दाखवून दिलंय. पश्चिमेला तिच्या नकाशावरची रेघ एका ओढ्यापाशी तुटक होते. तुटक म्हणजे अजून पाहिलेलं नाही. परवा तिचा फोन आला, पलीकडच्या गावात कुणाची तरी विहीर खणणं चाललंय आणि खालून पांढरं निघालंय म्हणे.

"रविवारी निघू," ती म्हणाली. "मायक्रोस्कोप घ्या."

मी पिशवी भरून ठेवली आहे.